नातवंडाला घेऊन विमानात बसताना



सुट्ट्या जवळ आल्या की आपल्यापैकी बऱ्याच घरांत मुंबईला जायची तयारी सुरू होते. कोणाच्या भाचीचे लग्न असते, कोणाला अलिबाग-रेवदंड्याकडचे जुने घर आणि सिनेगॉग मुलांना दाखवायचे असते. मुलगी म्हणते, "आई, तू बरोबर असलीस की बाळाची काळजी नाही." आणि दीड-दोन वर्षांचे नातवंड आपल्या मांडीवर येते. थेट विमान असले तरी पाच ते आठ तास, मध्ये विमान बदलायचे असले तर आणखी. मग कोणीतरी मला बाजूला घेऊन हळूच विचारते, "सिस्टर, बाळ झोपून राहील असे एखादे औषध सांगा ना."

माझे उत्तर एकच असते. नाही. असे औषध देऊ नका.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. 1978 साली आम्ही इकडे आलो तेव्हा माझी मुलगी दीड वर्षांची होती. निघताना शेजारच्या मावशींनी सर्दीच्या औषधाची बाटली हातात दिली. म्हणाल्या, "एक चमचा पाज, सरळ तिकडे पोचल्यावर उठेल." मी स्वतः नर्स, तरी घाबरून पाजले. आधी दोन तास पोर नुसती पेटल्यासारखी झाली. रडणे, लाथा मारणे, केस ओढणे. नंतर झोपली ती अशी की हाक मारूनही डोळे उघडेना. विमान उतरेपर्यंत मी तिच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत बसले होते. देवाच्या दयेने काही झाले नाही. पण ती रात्र मी आजपर्यंत विसरले नाही.

सर्दी-ॲलर्जीच्या काही औषधांनी गुंगी येते, पण लहान मुलांत कधीकधी उलटा परिणाम होऊन मूल जास्तच चवताळते. त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे श्वास मंदावू शकतो. प्रोमेथाझिन हे औषध तर याच कारणाने दोन वर्षांखालच्या मुलांना देतच नाहीत. बाळाला सर्दी किंवा कान दुखत असेल तर निघण्याच्या काही दिवस आधी कुपात होलीमच्या डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगतील तेवढेच द्या.

मग बाळाला सांभाळायचे कसे? रमवून.

या वयाचे मूल एका खेळात पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त रमत नाही. म्हणून एक मोठे महागडे खेळणे नेण्यापेक्षा दहा लहानसहान वस्तू न्या. त्या आधी घरात दाखवू नका. एकेक जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळा, म्हणजे कागद सोडवण्यातच थोडा वेळ जातो. एका वेळी एकच वस्तू काढा. ती टाकून दिली की पिशवीत परत ठेवा आणि दुसरी द्या. निम्म्या वस्तू प्रवासाच्या उत्तरार्धासाठी राखून ठेवा. बसल्याबसल्या पिशवी उघडायची घाई नको. पहिला अर्धा तास खिडकी, समोरचे टेबल आणि पट्ट्याचे बक्कल यांतच जातो.

माझ्या पिशवीत काय असते ते सांगते. एकात एक बसणारे कागदी पेले. चिकटवून पुन्हा काढता येणारी मोठी चित्रे. रंगीत कागदी चिकटपट्टी, ती टेबलाला लावायची आणि बाळाने ओढून काढायची. प्लास्टिकच्या डब्यात चार-पाच रुमाल एकमेकांना गाठ मारून भरलेले, झाकणाच्या भोकातून एकेक ओढायचे. आणि लहानसा फोटोंचा अल्बम. मुंबईला जे भेटणार आहेत त्यांचे फोटो त्यात घाला. "हे कोण? हे मामा-आजोबा. ही कोण? ही मोठी मावशी." माझ्या नातवाने उतरल्यावर आपल्या मामा-आजोबांना न रडता ओळखले. एरवी तो घरी हिब्रूच बोलतो. त्या सहा-सात तासांत मात्र माझ्या मांडीवर बसून त्याने जेवढी मराठी ऐकली, तेवढी वर्षभरात ऐकली नसेल.

मोबाईलवरची चित्रे शेवटासाठी ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सल्ल्याप्रमाणे एक वर्षाच्या मुलाला पडदा नकोच आणि दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभराहून जास्त नको. प्रवासात थोडे इकडेतिकडे झाले तर मन खाऊ नका, पण सुरुवातच त्याने केलीत तर पुढे हातात काही उरत नाही.

वस्तू निवडताना काळजी घ्या. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जी वस्तू आरपार जाते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात देऊ नका. बटणासारख्या चपट्या बॅटरीची खेळणी आणि सुटे लोहचुंबक नकोतच. अशी बॅटरी गिळून अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकते, आणि विमानात डॉक्टर कुठून आणणार?

खाणे हाही एक खेळच आहे. चपातीचे लहान तुकडे, केळे, उकडलेला बटाटा असे थोडेथोडे द्या. शेंगदाणे, अख्खी द्राक्षे आणि कडक गोळ्या देऊ नका, त्या घशात अडकतात. विमानातली हवा फार कोरडी असते, म्हणून पाणी वरचेवर पाजा. बाळाचे दूध आणि पाणी तपासणीच्या वेळी वेगळे काढून दाखवा.

कानांचे लक्षात ठेवा. विमान उतरू लागले की हवेचा दाब वाढतो आणि मुलाचे कान दुखतात, कारण घसा आणि कान यांना जोडणारी नळी त्यांच्यात अरुंद असते. गिळले की ती उघडते. म्हणून उतरायच्या साधारण अर्धा तास आधी बाळाला जागे करा आणि बाटली, पेला किंवा चोखणी द्या. झोपलेले मूल कमी गिळते.

दोन गोष्टी आपल्या स्वतःसाठी. बाळ मांडीवर असताना गरम चहा-कॉफी घेऊ नका. एका धक्क्यात पेला कलंडतो आणि लहान मुलाची कातडी फार पातळ असते. चहा प्यायचा तर बाळ आधी आईकडे द्या. दुसरे म्हणजे दहा-बारा किलोचे मूल तासन्‌तास मांडीवर घेऊन हलायचेच नाही, हे आपल्या वयाला चालत नाही. पायांत रक्ताची गुठळी होऊ शकते. दर तास-दीड तासाने उठा, घोटे फिरवा, पाणी प्या. बाळालाही चालायचे असतेच, तेव्हा पट्ट्याचा दिवा विझलेला असताना दोघांनी मिळून वाटेतून एक फेरी मारा. पूर्वी पायात गुठळी झाली असेल, हृदयाचा आजार असेल किंवा नुकतेच ऑपरेशन झाले असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणि एवढे सगळे करूनही बाळ रडले तर? रडू द्या. शेजारी बघतील, एखादा तोंड वाकडे करील. त्यांच्या नजरेला घाबरून बाटलीकडे हात नेऊ नका. मी एकदा नेला होता.

सुखरूप जा, सुखरूप परत या.