शांत डबा आणि हसण्याचा गुन्हा

रेल्वेच्या डब्यात शांतता असावी, हे कोणालाही पटेल. रात्रपाळी करून परतणारा कामगार, आजारी माणसाला शहरातील इस्पितळात घेऊन निघालेले कुटुंब, दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेसाठी पुस्तक उघडून बसलेला विद्यार्थी, यांच्यापैकी कोणालाही शेजाऱ्याच्या मोबाईलवर मोठ्याने वाजणारे गाणे नकोच असते. परंतु गोंगाट कशाला म्हणायचे, हे ठरवितो कोण? एकाच्या तोंडचा आवाज ‘गप्पा’ ठरतो आणि दुसऱ्याच्या तोंडचा तोच आवाज ‘धिंगाणा’ ठरतो, तो कशामुळे? अमेरिकेतील रेल्वेच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट दिसते. जातीची उतरंड सोसलेल्या आपल्या समाजाने ते समजून घेतले पाहिजे.

अमेरिकेत ‘अ‍ॅमट्रॅक’ ही सरकारी मालकीची प्रवासी रेल्वे कंपनी आहे. फिलाडेल्फियाहून वॉशिंग्टनला रोज पहाटे नोकरीसाठी जाणारे प्रवासी मोबाईलवरच्या बोलण्याला कंटाळले आणि २००० सालच्या आसपास त्यांच्या मागणीवरून एक डबा शांत ठेवण्यात आला. पुढे ही सोय इतर गाड्यांतही आली. नियम साधे आहेत. फोनवर बोलायचे नाही, यंत्राचा आवाज बाहेर येऊ द्यायचा नाही आणि शेजाऱ्याशी बोलायचेच असेल तर हळू बोलायचे. ज्याला गप्पा मारायच्या आहेत त्याच्यासाठी बाकीचे डबे आहेत. ही व्यवस्था चांगली आहे, कारण नियम आधी सांगितलेला आहे आणि तो कृतीला लागू आहे, माणसाला नाही.

मात्र नियम कागदावर सर्वांना सारखा असला, तरी तो मोडल्यावर काय होते ते माणसामाणसाप्रमाणे बदलते. २०१५ या एकाच वर्षातील दोन घटना पाहा. मे महिन्यात न्यू जर्सी राज्याचे तत्कालीन गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती अ‍ॅमट्रॅकच्या शांत डब्यात बसले. त्यांच्या मोठ्या आवाजाला सहप्रवाशांनी हरकत घेतली. गव्हर्नर उठले आणि उपाहारगृहाच्या डब्यात जाऊन बसले. त्यांच्या प्रवक्त्याने हसत-खेळत दिलगिरी व्यक्त केली. वर्तमानपत्रांनी थोडी थट्टा केली आणि विषय संपला. पोलीस आले नाहीत, कोणी गाडीतून उतरविले नाही. आणि ते योग्यच झाले. चूक लहान होती, तिच्यावरचा उपायही लहानच हवा होता.

आता त्याच वर्षीचा ऑगस्ट महिना. कॅलिफोर्नियात ‘नापा व्हॅली वाइन ट्रेन’ नावाची पर्यटकांची गाडी आहे. द्राक्षमळ्यांतून फिरत जेवायचे, वाइन चाखायची आणि मौज करायची, यासाठीच लोक तिचे तिकीट काढतात. २२ ऑगस्ट रोजी या गाडीत एका वाचक मंडळाच्या अकरा महिला बसल्या. दहा जणी कृष्णवर्णीय, एक गोरी. त्यांच्यात ऐंशी वर्षे ओलांडलेली एक आजीही होती. पुस्तकांवर बोलत त्या हसत होत्या. त्यांच्या हसण्याचा इतरांना त्रास होतो, असे कर्मचाऱ्यांनी त्यांना सुनावले. नंतर या अकरा जणींना गाडीच्या सहा डब्यांतून, बसलेल्या प्रवाशांच्या नजरेसमोरून चालवत नेण्यात आले आणि सेंट हेलेना येथे खाली उतरविण्यात आले. तेथे पोलीस उभे होते! पोलिसांनी कोणालाही अटक केली नाही, कारण गुन्हा घडलाच नव्हता.

एवढ्यावर प्रकरण थांबले नाही. या महिलांनी इतर प्रवाशांना व कर्मचाऱ्यांना शिवीगाळ व धक्काबुक्की केली, असा मजकूर कंपनीने समाजमाध्यमावर टाकला. महिलांनी आवाज उठविताच तो काढून टाकला. देशभर संताप उसळला. काही दिवसांतच कंपनीच्या प्रमुखाने, आमचीच संपूर्ण चूक होती, अशी लेखी कबुली देऊन माफी मागितली. महिलांनी १ कोटी १० लाख डॉलरचा वांशिक भेदभावाचा दावा लावला आणि २०१६ मध्ये तो तडजोडीने मिटला.

दोन गाड्या वेगळ्या, कंपन्या वेगळ्या, हे मान्य. परंतु त्यामुळे विरोधाभास अधिकच गडद होतो. जेथे बोलण्यालाच मनाई होती, तेथे आवाज करणारा गोरा सत्ताधारी स्वतःच्या पायांनी दुसऱ्या डब्यात गेला. जेथे मौज करण्यासाठीच तिकीट विकले होते, तेथे हसणाऱ्या काळ्या महिलांची धिंड निघाली. आवाज मोजणारे यंत्र दोन्ही ठिकाणी नव्हते. मोजला गेला तो माणसाचा रंग.

या मानसिकतेची मुळे जुनी आहेत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिण भागातील गाड्यांत एक ‘स्त्रियांचा डबा’ असे. स्वच्छ, शांत आणि धूम्रपानाला बंदी असलेला हा डबा म्हणजे त्या काळातला शांत डबाच. पुढच्या डब्यात धूर, दारू आणि आरडाओरडा. गुलामगिरीत जन्मलेली आणि पुढे शिक्षिका झालेली आयडा बी. वेल्स पहिल्या वर्गाचे तिकीट काढून या स्त्रियांच्या डब्यात बसली. कंडक्टरने तिला धुराच्या डब्यात जायला सांगितले. तिने नकार दिला, तेव्हा तिला ओढून बाहेर काढण्यात आले. तिने खटला भरला आणि १८८४ मध्ये तिला ५०० डॉलर नुकसानभरपाई मिळाली. परंतु १८८७ मध्ये टेनेसी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. तिला आरामाची जागा नको होती, कंपनीला त्रास द्यायचा होता, असा न्यायालयाचा सूर होता. म्हणजे शांत बसलेली स्त्रीच त्रासदायक ठरली! तिने तोंडातून आवाज काढला नव्हता. तिचे तेथे असणे हाच व्यवस्थेच्या कानाला गोंगाट वाटत होता.

हे वाचताना आपल्याला मसूरचे स्टेशन आठवल्याशिवाय राहत नाही. १९०१ मध्ये बालवयातील बाबासाहेब भाऊ व भाच्यांसह साताऱ्याहून वडिलांकडे निघाले आणि मसूरला उतरले. मुले नव्या कपड्यांत, नीटनेटकी, अदबीने बोलणारी. स्टेशनमास्तर प्रथम आपुलकीने चौकशी करीत होता. मुले महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा बदलला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये बाबासाहेबांनी हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे. शिष्टाचार शिका म्हणजे सन्मान मिळेल, असा उपदेश करणाऱ्यांनी तो वाचावा. त्या मुलांच्या शिष्टाचारात काय उणे होते?

आपल्याकडे स्वतंत्र शांत डबा ही कल्पना रुजलेली नाही. परंतु नियम आहेत. रात्री १० ते सकाळी ६ ही झोपेची वेळ रेल्वेने ठरविलेली आहे. रात्री १० नंतर मोठ्याने गाणी लावू नयेत, मोठ्याने बोलू नये, अशा सूचना रेल्वेने २०२२ मध्ये दिल्या. मुंबईत बेस्टने २०२३ मध्ये बसमध्ये इअरफोनशिवाय मोबाईल वाजविण्यास मनाई केली. या नियमांचे स्वागतच केले पाहिजे. मात्र लोकलमध्ये टाळ-झांजांच्या गजरात भजन चालले तर ती ‘संस्कृती’ आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे निघालेल्या मायबहिणींनी डब्यात भीमगीत म्हटले तर तो ‘त्रास’, हा दुजाभाव आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. नियम असेल तर तो दोन्ही गाण्यांना सारखा हवा.

आणखी एक गोष्ट विचारात घेतली पाहिजे. आज शांतता ही पैशाने विकत मिळणारी वस्तू झाली आहे. वातानुकूलित डब्यात काचा बंद, पडदा ओढलेला, प्रत्येकाला बर्थ. जनरल डब्यात माणसावर माणूस, शौचालयाच्या दारात बिऱ्हाड, रडणारे मूल आणि जागेसाठी भांडण. तेथील माणूस जन्मतःच बेशिस्त नसतो. त्याला बसायला जागा मिळाली तर त्याचाही आवाज खाली येईल. शिष्टाचाराचे फलक लावण्याबरोबर जनरल डबे वाढवा, ही मागणी म्हणूनच शांततेचीही मागणी आहे.

पण व्यवस्थेकडे बोट दाखवून आपली जबाबदारी संपत नाही. सफाई कामगार, परिचारिका, पहारेकरी, गोदीत आणि कारखान्यात राबणारे आपलेच बांधव पहाटेच्या गाडीत उभ्या-उभ्या डुलक्या घेतात. त्यांची झोप मोडणारा मोबाईल कोणाचाही असो, तो बंद झाला पाहिजे. त्यावर भीमगीत वाजत असले तरीही. ज्या महामानवाने रात्र-रात्र जागून अभ्यास केला, त्यांचे गाणे शेजारच्या विद्यार्थ्याला अभ्यास करू देत नसेल, तर तो त्यांचा सन्मान नव्हे. रात्री दहानंतर इअरफोन वापरणे, दिवसाही शेजाऱ्याने विनंती केली तर आवाज कमी करणे, ही स्वाभिमानी माणसाची रीत आहे. बंधुता हा शब्द घटनेच्या उद्देशपत्रिकेत आहे. तो रेल्वेच्या बाकावरही दिसला पाहिजे.

आणि कोणी आपल्याला ‘आवाज कमी करा’ असे म्हटले तर आधी नियम पाहावा. आवाज खरोखरच मोठा असेल, तर तो निमूटपणे कमी करावा. परंतु शेजारच्या टोळक्याला सोडून बोट आपल्याकडेच दाखविले जात असेल, तर जागेवरून उठू नये. टीसीला बोलवावे, नियम दाखवायला सांगावे, तो सर्वांना लावायला सांगावे आणि तक्रार लेखी नोंदवावी. त्या अकरा महिलांनी अशीच दाद मागितली. अपमान गिळून त्या घरी बसल्या नाहीत, म्हणून कंपनीला माफी मागावी लागली. शांतता सर्वांची असेल तर ती आपण पाळू आणि इतरांनाही पाळायला लावू. पण शांततेच्या नावाखाली फक्त आपणच गप्प बसावे, अशी कोणाची अपेक्षा असेल, तर ती यापुढे पूर्ण होणार नाही.