काटा पडला म्हणजे मीटर गेलं?

घणसोली गावाच्या पश्चिमेला ठाण्याची खाडी आणि खारफुटी, पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्ता आणि त्यापलीकडे रबाळे-महाप्याचा एमआयडीसी पट्टा. जुनी गाडी जपणाऱ्याला या जागेचा एक फायदा आहे आणि एक तोटा. लेथवाला, ब्रेझिंगवाला शोधत फार लांब जावं लागत नाही, हा फायदा. खाडीवरून येणारी खारट, दमट हवा हा तोटा. ही हवा पत्र्याला खाते हे सगळ्यांनाच दिसतं. डॅशबोर्डच्या मागच्या पितळी टोकांवर ती हिरवट थर चढवते, ते मात्र कुणी वाकून बघत नाही. मग एखाद्या पावसाळ्यात पेट्रोलचा काटा खाली पडतो आणि निदान ठरलेलं असतं: ‘मीटर गेलं, नवीन टाका.’

प्रीमियर पद्मिनी असो, अॅम्बॅसॅडर असो की जुनी जीप, बहुतेक चांगली मीटरं याच एका वाक्यापायी भंगारात जातात. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फियाट ११००ला पद्मिनी हे नाव १९७४मध्ये मिळालं आणि २००१च्या आसपास तिचं उत्पादन थांबलं. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सीही ३० ऑक्टोबर २०२३पासून गेली. म्हणजे आज हातात असलेलं मूळ मीटर फेकलं, तर तसंच दुसरं मिळेल ते वापरलेलंच, आणि त्याच्या प्रकृतीची हमी कोण देणार? म्हणून आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्यायला हवी. डॅशबोर्डवरचं मीटर ही एकटी वस्तू नसते. टाकीतला फ्लोट, इंजिनातला सेन्सर किंवा गिअरबॉक्समधून येणारी केबल हा तिचा जोडीदार असतो. काटा चुकला तर चूक बहुतेक वेळा जोडीदाराची, नाही तर दोघांमधल्या वायरची.

पेट्रोलच्या काट्यापासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत. टाकीत एक फ्लोट असतो, तो वरखाली होताना रोधाच्या तारेवरून एक पत्ती सरकते, रोध बदलतो आणि त्याप्रमाणे मीटरमधून जाणारा करंट कमी-जास्त होतो. हा करंट परत जातो टाकीच्या पत्र्यातून, म्हणजे अर्थमधून. टाकीचे बोल्ट गंजले, नाही तर रंगकामात त्यांच्याखाली रंगाचा थर बसला, की वाट अडते आणि काटा रिकामी टाकी दाखवतो. मीटर तेव्हा ठणठणीत असतं. टाकीच्या युनिटपासून चॅसिसच्या स्वच्छ घासलेल्या जागेपर्यंत तात्पुरती एक वायर जोडून पाहावी. काटा उठला, तर रोग सापडला.

तरीही उठला नाही तर पुढची परीक्षा. युनिटवरची सिग्नलची वायर काढून क्षणभर अर्थला टेकवायची. बऱ्याच जुन्या ब्रिटिश आणि इटालियन पद्धतीच्या मीटरांत काटा ‘फुल’कडे सरकतो. सरकला तर मीटर आणि वायर दोन्ही ठीक, दोष टाकीत. काही अमेरिकन मीटरांत हेच उलटं असतं, तेव्हा आपल्या गाडीची पद्धत आधी माहीत हवी. वायर फार वेळ टेकवून ठेवायची नाही, आणि टाकीच्या तोंडाशी ठिणगी उडेल असं तर काहीच करायचं नाही. शंका असेल तर ही परीक्षा डॅशबोर्डच्या बाजूने करावी.

टाकीतला दोष पुष्कळदा साधा निघतो. पितळी फ्लोटला सांध्याशी केसाएवढी भेग पडते, आत पेट्रोल शिरतं आणि तो तळाला बसतो. काढून कानाशी हलवला की आत खळखळ ऐकू येते. अशा फ्लोटला कुणी तसंच डाग द्यायला निघाला तर त्याला थांबवा. आतल्या वाफेचा भडका उडतो. आतला थेंबन्‌थेंब आणि वाफही गेल्याची खात्री झाल्याशिवाय त्याला उष्णता लावायची नाही. नवा फ्लोट बसवणं त्याहून शहाणपणाचं. युनिट उघडलंच आहे तर खालची पॅकिंगही बदलून टाकावी. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि जुन्या जातीच्या रबराला ते मानवत नाही.

इथेच आणखी एक गैरसमज: ‘पेट्रोल आणि टेंपरेचर, दोन्ही मीटरं एकदम गेली.’ दोन मीटरं एका दिवशी मरत नाहीत. किल्ली फिरवल्यावर काटा हळूहळू, काही सेकंद घेत वर चढत असेल, तर ते तापणाऱ्या द्विधातू पट्टीचं मीटर. झटकन उडत असेल तर कॉइलचं. पट्टीच्या मीटरांना स्थिर व्होल्टेज लागतं. साठच्या दशकापासून पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत त्यासाठी डॅशबोर्डमागे एक छोटा स्टॅबिलायझर बसवलेला असे. तो बॅटरीचे १२ व्होल्ट सरासरी १० व्होल्टवर आणून ठेवतो. त्याचा अर्थ सुटला की तो कापणंच थांबवतो, पूर्ण व्होल्टेज पुढे जातं आणि दोन्ही काटे एकदम जास्त दाखवू लागतात. गाडी तापतेय या भीतीने रेडिएटर उघडण्याआधी ही अंगठ्याएवढी डबी तपासावी.

वेगाच्या मीटरबद्दल ठाम समजूत अशी की काटा थरथरतो म्हणजे मीटर झिजलं. मीटरच्या आत बघा. केबल एका चुंबकाला फिरवते. त्याच्याभोवती, त्याला न टेकता, अॅल्युमिनियमची वाटी असते. फिरत्या चुंबकामुळे वाटीत भोवरा प्रवाह तयार होतात, ते वाटीला ओढतात आणि घड्याळातल्यासारखी एक बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे थांबतो तो वेग. जर्मनीच्या ऑटो शुल्झे यांनी १९०२मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं. चुंबक आणि वाटी एकमेकांना लागतच नाहीत, मग तिथे घासून झिजणार काय? थरथर येते ती कोरड्या किंवा मुरडलेल्या केबलमुळे. आतली तार काढा, पुसा, वळण कुठे फार आवळलंय का पाहा.

मग उपाय म्हणून केबलमध्ये भरभरून तेल ओततात. हे मीटरच्या जिवावर बेततं, कारण फिरती तार तेल वर चढवते. ते वाटीत पोचलं की चुंबक आणि वाटी चिकटतात आणि काटा भलतीकडे धावतो. खालच्या दोन-तृतीयांश लांबीला ग्रीसचा पातळ हात पुरे. वरचं टोक कोरडं ठेवावं.

‘मीटर वेग चुकीचा दाखवतं’ या तक्रारीचा उलगडा ठाणे-बेलापूर रस्त्यावर, पहाटे रस्ता मोकळा असताना, शेजारी बसलेल्याने मोबाइलचा जीपीएस धरला तर होतो. दोन आकडे ताडून पाहायचे: वेग आणि अंतर. अंतराचे आकडे दातेरी चक्रांवर चालतात, वेगाचा काटा चुंबकावर. दोन्ही सारख्याच प्रमाणात चुकत असतील तर मीटर निर्दोष आहे, टायर किंवा गिअरचं प्रमाण बदललं आहे. मूळ टायरपेक्षा ५ टक्के कमी घेराचा टायर घातला तर काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ५७ने चाललेली असते. अंतर बरोबर आणि फक्त वेग चुकत असेल, तरच मीटर उघडायचं. चुंबक वयाने क्षीण झाला तर काटा कमी दाखवतो, स्प्रिंग सैल पडली तर जास्त. काटा उपसून हवा तसा परत ठोकणं हा यावरचा इलाज नव्हे. स्प्रिंगचा मूळ ताण एकदा हरवला की तो पुन्हा बसवायला जाणकार लागतो.

मैलांच्या मीटरवर किलोमीटरची तबकडी चिकटवून काम भागतं, हीही समजूत आहे. तबकडी बदलली तरी आतली चक्रं मैलच मोजत राहतात. पुष्कळ मीटरांच्या तबकडीवर तळाला एक बारीक आकडा छापलेला असतो: एका मैलाला किंवा किलोमीटरला केबलचे किती फेरे. तो आकडा गाडीच्या गिअरबॉक्सशी आणि टायरशी जुळला नाही, तर चोरबाजारातून आणलेलं दिसायला हुबेहूब मीटरही आयुष्यभर चुकत राहील. विकत घेताना चकाकी नंतर पाहावी, हा आकडा आधी वाचावा.

अँपिअर मीटरबद्दल मात्र थोडं कडक बोलायला हवं. ‘अँपिअर काय, व्होल्ट काय, दोन्ही बॅटरीचीच मीटरं’ असं म्हणून एकाच्या जागी दुसरं जोडण्यात गाडी पेटू शकते. अँपिअर मीटरमधून स्टार्टर सोडून गाडीचा जवळपास सगळा करंट जातो. व्होल्टमीटर फक्त दोन टोकांमधला फरक पाहतो. व्होल्टमीटर लावायचा असेल तर जुन्या मीटरच्या दोन्ही जाड वायरी एकत्र घट्ट जोडून, त्यावर नीट इन्सुलेशन करून, नवीन मीटरला किल्लीनंतरची फ्यूज असलेली वेगळी लाइन द्यावी. डायनामो काढून मोठा ऑल्टरनेटर बसवलेल्या गाडीत ३० अँपिअरचं जुनं मीटर तसंच ठेवणं हा धोकाच आहे. मीटरमागचा सैल नट तापून वायरीचं आवरण वितळलेलं असतं आणि ते डॅशबोर्ड उघडेपर्यंत कळत नाही.

टेंपरेचर मीटरच्या मागून बारीक तांब्याची नळी इंजिनापर्यंत जात असेल तर तिला वायर समजून कापू नका. आत ईथर भरलेलं असतं. नळी तुटली की ते उडून जातं आणि नुसता डाग देऊन मीटर जिवंत होत नाही. ईथर पुन्हा भरून, तपासून घ्यावं लागतं. नळी शाबूत असेल तर परीक्षा घरच्या घरी होते: टोकाचा बल्ब उकळत्या पाण्यात धरला की काटा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास यायला हवा. ऑइलचं तर, नुसता लाल दिवा असलेल्या गाडीत दिवा विझला म्हणजे प्रेशर चांगलं असा अर्थ होत नाही. प्रेशर अगदी तळाला गेल्यावरच तो लागतो.

युद्धकाळातल्या जीपची किंवा लष्करी गाड्यांची मीटरं जपणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाचा गैरसमज: ‘अंधारात चमकत नाही, म्हणजे त्यातलं रेडियम संपलं.’ रेडियम-२२६ निम्मं व्हायला सुमारे १६०० वर्षं लागतात. चमक जाते ती रंगातलं झिंक सल्फाइड निकामी झाल्यामुळे. किरणोत्सार तसाच राहतो. असं मीटर काच शाबूत असताना हाताळायला फारसा धोका नाही. ते उघडून आकडे खरवडणं, त्यावर फुंकर मारणं, सँडपेपर चालवणं यातून उडणारी धूळ मात्र श्वासातून आत जाते आणि हाडांत साठते. त्यामुळे शंका असेल तर अशी तबकडी गॅरेजमध्ये उघडूच नये.

उरला नोंदणीचा प्रश्न. मीटर बदललं की गाडीची व्हिंटेज नोंदणी जाते असं ऐकायला मिळतं. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज ठरते, आणि तिथे मोठा फेरबदल म्हणून चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांचा उल्लेख आहे. पेट्रोलचं मीटर त्या यादीत नाही. मात्र वेगाचं मीटर चालू असणं ही कायद्याचीच अपेक्षा आहे, तेव्हा ते बंद ठेवून फिरण्याला कुठलीच सबब नाही. बदलावंच लागलं तर जुन्या मीटरवरचा शेवटचा आकडा, नव्यावरचा सुरुवातीचा आकडा आणि तारीख बिलावर लिहून घ्यावी, बिल गाडीच्या कागदांत ठेवावं आणि गाडी विकताना ते घेणाऱ्याच्या हातात द्यावं. पाच आकड्यांचं मीटर तसंही ९९,९९९नंतर पुन्हा शून्यावर येतं, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून गाडी किती पळाली हे त्याला कधीच कळणार नाही.