बोलणारा रेडिओ आणि उलट विचारणाऱ्या आपण



रेडिओ म्हटलं की आपल्याला आधी गाणी आठवतात. बोलणं सुरू झालं की आपण आवाज बारीक करतो आणि भाकरी थापायला लागतो. पण आकाशवाणीनं या देशाला गाण्यांइतकंच बोलणंही ऐकवलं आहे. त्या बोलण्याची दिवसभराची मांडणी कशी होती आणि त्यातून आपल्या गटांना काय घेता येईल, ते आज सांगते.

सकाळपासून पाहू. पहाटेची धून वाजायची. ती वॉल्टर कॉफमन नावाच्या युरोपातून आलेल्या संगीतकारानं बांधलेली. मग 6 वाजून 55 मिनिटांनी संस्कृत बातम्या. त्या 1974 साली सुरू झाल्या. आमच्या घरात त्या कोणाला कळत नव्हत्या, पण त्या लागल्या की पोरांना उठवायचं, एवढं पक्कं होतं. 7 वाजून 5 मिनिटांनी पुण्याहून प्रादेशिक बातम्या, 8 वाजता हिंदी, सव्वाआठला इंग्रजी आणि साडेआठला मराठी राष्ट्रीय बातम्या. गावात घड्याळ प्रत्येकाकडे नव्हतं. एसटी गाठायची, शाळेला पाठवायचं, धारेचं दूध डेअरीला न्यायचं, हे सगळं या बातम्यांवर चालायचं.

पुढचा दिवस कोण कधी मोकळं आहे, हे बघून वाटलेला. मुंबई केंद्रावर कामगारांसाठी 'कामगार सभा', बायकांसाठी 'वनिता मंडळ'. वनिता मंडळ दुपारी असायचं, कारण तेव्हा घरातली जेवणं उरकलेली असतात. संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी हवामान, बाजारभाव, शेतीचा सल्ला. रात्री भाषणं, श्रुतिका, नाटक. आकाशवाणीचं ब्रीद 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' असं आहे. ते या वेळापत्रकात दिसतं. एकाच कार्यक्रमात सगळ्यांना कोंबण्यापेक्षा ज्याच्या त्याच्या वेळेला त्याच्याशी बोलायचं.

सल्ला नाटकातून द्यायचीही पद्धत होती. मुंबईच्या 'पुन्हा प्रपंच'मधले टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत जुन्या श्रोत्यांना आजही आठवतात. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांचे ते आवाज. घरातल्या साध्या गप्पा चालायच्या आणि बोलता बोलता कामाची माहिती कानावर पडायची. सरकारी पत्रक कोणी वाचून दाखवलं असतं तर दोन मिनिटंही कोणी ऐकलं नसतं.

कानासाठी लिहायचं म्हणजे काय, हे बातम्यांकडूनही शिकावं. आधी ठळक बातम्या, मग सविस्तर, आणि शेवटी ठळक बातम्या पुन्हा एकदा. कागद हातात असेल तर आपण मागचं पान उलटून बघतो. रेडिओला मागचं पान नाही. म्हणून महत्त्वाचं दोनदा सांगायचं, वाक्य छोटं ठेवायचं, आकडे एकापाठोपाठ ओतायचे नाहीत. आपल्या केंद्रावर बोलायला येणाऱ्या ताई 'वरीलप्रमाणे' आणि 'खालील मुद्दे' असं लिहून आणतात. रेडिओवर वर कुठे आणि खाली कुठे? ते आधी खोडा.

आता मला खरं सांगायचं आहे ते. बोलणं चांगलं लिहिलं, वेळेवर लावलं, आवाजही गोड असला, तरी ऐकणारीच्या हातात काही पडतं का? याची तपासणी आपल्याच भागात झालेली आहे. 1956 साली, पुणे केंद्र सुरू होऊन तीनच वर्षं झाली होती, तेव्हा युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला गेला. पुण्याच्या आसपासच्या पाच मराठी जिल्ह्यांतली 150 गावं निवडली. प्रत्येक गावात साधारण वीस जणांचं श्रोता मंडळ. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी अर्धा तास शेती आणि गावाच्या प्रश्नांवर कार्यक्रम. असे एकूण वीस कार्यक्रम झाले. मंडळानं तो एकत्र बसून ऐकायचा, संपल्यावर चर्चा करायची आणि शंका केंद्राकडे पाठवायच्या. त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात मिळायची.

पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञांनी आधी आणि नंतर लोकांना प्रश्न विचारून हिशेब मांडला. तुलनेसाठी त्यांनी दुसरी गावंही घेतली. काहींत रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, काहींत रेडिओही नव्हता. मंडळ असलेल्या गावांत लोकांची माहिती चांगलीच वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र फारच थोडी. आवाज तोच, कार्यक्रम तोच. फरक होता तो एकत्र बसून बोलण्याचा आणि उलट विचारण्याचा. 1959 पासून अशी मंडळं देशभर सुरू केली गेली.

हे वाचल्यावर मला आपला गट आठवला नाही तरच नवल. वीस जणी, ठरलेला दिवस, गोल करून बसणं, इतिवृत्ताची वही. त्या मंडळांना जे मुद्दाम उभं करावं लागलं, ते आपल्याकडे आधीच आहे. नसतो तो फक्त प्रश्न.

एक उदाहरण देते. अपघात विम्याची माहिती रेडिओवर वारंवार लागते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना: वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यू झाल्यास दोन लाख. हे पाठ असलेल्या बायका मला प्रत्येक बैठकीत भेटतात. पण त्यांना विचारलं की आजारानं माणूस गेलं तर हे दोन लाख मिळतात का, तर निम्म्या जणी हो म्हणतात. नाही मिळत. हा विमा फक्त अपघाताचा. कोणत्याही कारणानं मृत्यू झाला तरी मिळणारा विमा वेगळा, तो जीवन ज्योती, वर्षाला 436 रुपयांचा, आणि त्यात नाव घालायला वय 18 ते 50 लागतं. दुसरं, विम्याचं वर्ष 1 जून ते 31 मे. मे महिन्याच्या अखेरीस हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. त्या वेळी खात्यात तेवढी रक्कम नसली तर विमा बंद पडतो. गटाचा हप्ता भरायला त्याच महिन्यात खातं मोकळं केलेल्या किती जणी आहेत, ते आपलं आपण मोजावं. भाषणात 'खात्यात पुरेशी शिल्लक ठेवावी' असं एक वाक्य असतं. ते ऐकलं जातं, पण त्याचा आपल्या मे महिन्याशी संबंध कोणी लावत नाही. चारचौघींत बोलणं झालं की तो लागतो.

आपलं केंद्र सामुदायिक आहे. त्याला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही, आकाशवाणीच्या बातम्या मात्र जशाच्या तशा लावता येतात. निम्मा तरी कार्यक्रम आपल्याच लोकांच्या सहभागातून झाला पाहिजे, असा नियम आहे. त्या निम्म्यातच आपले प्रश्न आणि त्यांची उत्तरं बसतात. प्रक्षेपक लहान असतो, आवाज पाचदहा किलोमीटरच्या पलीकडे फारसा जात नाही. मला तर ती सोयच वाटते. उत्तर देणाऱ्या बँक सखीला विचारणारी बाई ओळखीची असते.

म्हणून या महिन्यापासून असं करू. बैठकीच्या दिवशी केंद्रावरचं एक भाषण सगळ्यांनी मिळून ऐकायचं. मग रेडिओ बंद करून दहा मिनिटं त्यावरच बोलायचं, हप्त्यावर नाही. एक तरी प्रश्न इतिवृत्तात लिहायचा, विचारणारीच्या शब्दांत, शुद्ध करायच्या भानगडीत न पडता. वही माझ्याकडे आली की मी ते प्रश्न केंद्राकडे देईन. ज्या गटाचा प्रश्न असेल त्याच गटातल्या ताईंनी तो माईकवर विचारायचा. आवाज कापरा झाला तरी चालेल. विम्याचे प्रश्न मात्र एप्रिलच्या बैठकीतच घ्या, मे महिन्यात उशीर झालेला असतो.