हार्ड डिस्क बदलताना : आधी माहिती, मग यंत्र

प्राप्तिकराची विवरणपत्रे, दुकानाचे हिशेब, मुदतठेवींच्या नोंदी, विमापत्रांच्या प्रती आणि कुटुंबाची छायाचित्रे असा मोठा ठेवा आज घराघरांतील लॅपटॉपमध्ये साठविलेला असतो. लॅपटॉप सुरळीत चालतो तोवर या ठेव्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. मग एके दिवशी तो सुरू होण्यास बराच वेळ लागू लागतो, फाइल उघडताना पडदा गोठतो, आतून टकटक आवाज येतो आणि धावपळ सुरू होते. अशा वेळी घाईने केलेला उपाय नुकसान वाढवितो. नवी हार्ड डिस्क बाजारात मिळते, ऑपरेटिंग सिस्टीमही पुन्हा बसविता येते. मात्र जुन्या डिस्कवरील माहिती गेली तर ती विकत मिळत नाही. म्हणूनच या कामात क्रमाला महत्त्व आहे.

बिघाडाचे स्वरूप

पारंपरिक हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप असलेल्या चकत्या फिरत असतात. लॅपटॉपमधील डिस्कचा वेग बहुधा मिनिटाला ५,४०० फेऱ्या इतका असतो. माहिती वाचणारे शीर्ष चकतीपासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. त्यामुळे धक्का किंवा झीज तिला सोसत नाही. चकतीचा एखादा भाग निकामी झाला, तर डिस्क त्याऐवजी राखीव भाग वापरते आणि त्याची गणना ‘स्मार्ट’ नावाच्या अंतर्गत नोंदीत ठेवते. ही संख्या वाढू लागणे म्हणजे डिस्क बदलण्याची पूर्वसूचनाच होय.

पहिले काम : प्रत काढणे

दुखणाईत डिस्कवर दुरुस्तीचे अथवा डिफ्रॅगमेंटचे प्रोग्राम चालविल्यास तिच्यावरील ताण वाढतो. त्याआधी महत्त्वाच्या फाइल बाहेरील डिस्कवर उतरवून घ्याव्यात. सर्वांत मोलाच्या फाइल सर्वांत आधी. टकटक आवाज येत असेल आणि डिस्क ओळखलीच जात नसेल, तर लॅपटॉप वारंवार सुरू न करता बंद ठेवावा व माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे न्यावा.

अनेक नव्या लॅपटॉपमध्ये विंडोज डिस्कवरील माहिती आपोआप सांकेतिक रूपात ठेवते. अशी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, तर ती वाचण्यासाठी ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ लागते. ही की बहुधा वापरकर्त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन केलेली असते. डिस्क काढण्यापूर्वीच ती शोधून कागदावर उतरवून ठेवावी.

नवी डिस्क, नवी मांडणी

नवी डिस्क घेताना एसएसडी निवडणे हितावह. तिच्यात फिरणारे भाग नसतात व वेगही पुष्कळ अधिक असतो. मात्र लॅपटॉपला अडीच इंची डिस्क लागते की पातळ पट्टीसारखी एम-टू प्रकारची, याची आधी खात्री करावी. जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर उतरविता येते. परंतु बिघडलेल्या फाइलही सोबत येण्याचा धोका असतो. त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने बसविणे अधिक सुरक्षित.

त्यासाठी दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावरून ‘मीडिया क्रिएशन टूल’ घेऊन किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर विंडोजची प्रत तयार करावी. लॅपटॉपचा वायफाय ड्रायव्हरही सोबत घ्यावा. विंडोज बसविताना जुनी डिस्क अथवा बॅकअपची डिस्क जोडलेली ठेवू नये. चुकीची डिस्क निवडली गेली तर केलेली सारी मेहनत वाया जाते.

लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजसाठी नवा परवाना सहसा विकत घ्यावा लागत नाही. डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी निगडित असल्याने डिस्क बदलली तरी तो टिकतो. ‘प्रॉडक्ट की नाही’ हा पर्याय निवडून पूर्वीचीच होम किंवा प्रो आवृत्ती बसविल्यास इंटरनेटशी जोडणी होताच परवाना सहसा आपोआप कार्यान्वित होतो. स्वस्तात मिळणारी बनावट प्रत बसविण्याचा मोह टाळावा. तिच्यासोबत कोणता हेरगिरी करणारा प्रोग्राम येईल, हे सांगता येत नाही.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे लॅपटॉपची क्षमता असल्यास विंडोज ११ बसवावे. त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा, किमान ४ जीबी मेमरी व ६४ जीबी जागा लागते. जुन्या लॅपटॉपसाठी उबुंटूसारखी विनामूल्य लिनक्स प्रणाली हा पर्याय आहे.

बँक व्यवहारांपूर्वी

सिस्टीम बसल्यावर प्रथम सर्व अद्ययावत सुधारणा घ्याव्यात, ड्रायव्हर निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून उतरवावेत आणि मगच फाइल परत आणाव्यात. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरणाऱ्यांनी त्याचा प्रोग्रामही पुन्हा बसवावा. बँकेच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करावा. मदतीसाठी शोध घेताना सापडलेल्या अनोळखी क्रमांकावर विसंबून स्क्रीन शेअर करणारे ॲप कधीही उतरवू नये. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तत्काळ तक्रार नोंदवावी. कर्मचाऱ्यांनी कार्यालयीन लॅपटॉप स्वतः न उघडता माहिती तंत्रज्ञान विभागाकडेच सोपवावा.

जुन्या डिस्कचे काय?

फाइल पुसल्याने किंवा झटपट फॉरमॅट केल्याने माहिती खऱ्या अर्थाने नष्ट होत नाही. ती परत मिळविणारे प्रोग्राम सहज उपलब्ध असतात. डिस्क चालू असेल तर तिच्यावर संपूर्णपणे नवे लेखन करणाऱ्या प्रोग्रामने ती पुसावी. बंद पडली असेल तर ती जाणकाराकडून नष्ट करून घ्यावी आणि नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावी. भंगारात टाकलेली डिस्क म्हणजे कुलूप न लावता सोडून दिलेली तिजोरीच.

नवी डिस्कही कायमची नसते. म्हणून महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी. मुदतठेवीची पावती ज्या काळजीने जपली जाते, तीच काळजी या प्रतींच्या वाट्याला आली, तर पुढच्या वेळी डिस्क बिघडेल तेव्हा खर्च होईल तो केवळ डिस्कचा.