पेट्रोल जीप, डेल्को आणि नदीचा उतार : पांढुर्णा-सौंसर परिसराच्या संदर्भात

प्रास्ताविक

सातपुड्याच्या दक्षिण अंगाला वसलेले पांढुर्णा आणि सौंसर हे मध्य प्रदेशातील मराठीभाषक तालुके होत. पूर्वी ते छिंदवाडा जिल्ह्यात होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. संत्र्याच्या बागा, कपाशीची शेते आणि त्यांच्यामधून वाहणारे असंख्य नाले हे या भागाचे वैशिष्ट्य आहे. जाम नदी पांढुर्ण्यावरून सौंसरच्या मुलखात येते आणि पुढे कन्हानला मिळते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भरणारी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यातील गोटमार याच जामच्या पात्रात होते. ऐन पावसाळ्यात पात्रात माणसे उभी राहू शकतात, आणि डोंगरात जोराचा पाऊस झाला की तेच पात्र काही तासांत दुथडी भरून वाहते. या भागातील नद्यांचा स्वभाव असा आहे.

लहान ओढ्या-नाल्यांवर अनेक ठिकाणी उंच पूल नसून पाण्याखाली जाणारे ठेंगणे पूल आहेत. त्यांना या भागात ‘रपटा’ म्हणतात. बागेतून रस्त्यावर किंवा गावातून दवाखान्यात जाणारी गाडी रपट्याच्या मधोमध बंद पडणे ही केवळ गैरसोय नव्हे. पाणी चढत असेल तर तो जिवाचा प्रश्न होतो. पेट्रोलवर चालणारी चारचाकी ओढीची गाडी, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी, अशा वेळी का बंद पडते, तिची प्रज्वलन व्यवस्था पाण्यापासून कशी राखता येते आणि या उपायाची मर्यादा कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गाड्यांचा पूर्वेतिहास

भारतात जीप रुजवण्याचे श्रेय ज्या उद्योगाला जाते, तो १९४५ साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झाला. त्यातील भागीदार मलिक गुलाम मोहम्मद हे अलीगढ विद्यापीठाचे विद्यार्थी होते. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये उद्योगाचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ असे बदलले. या उद्योगाच्या सुरुवातीच्या जीपगाड्या पेट्रोलच्याच होत्या. डिझेलची जीप नंतर सर्वत्र झाली. मध्य प्रदेशातच, जबलपूरच्या वाहन कारखान्यात, १९६९ पासून सैन्यासाठी ‘जोंगा’ ही सहा सिलिंडरची पेट्रोल गाडी तयार होत असे. १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. २०१९ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री थांबली, तरी जंगल सफारीमुळे ती या परिसराला आजही परिचित आहे. या सर्व गाड्यांत एक गोष्ट समान आहे. इंधन पेटवण्यासाठी त्यांना विजेची ठिणगी लागते.

ठिणगी कशी तयार होते?

बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह कॉइलमध्ये जातो. पॉइंट उघडताक्षणी हा प्रवाह तुटतो आणि कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात साधारणपणे १५ ते २५ हजार व्होल्टचा दाब निर्माण होतो. हा दाब जाड वायरने डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत येतो. तेथे फिरणारा रोटर तो ज्या त्या प्लगकडे वाटून देतो. डिस्ट्रिब्युटरला गॅरेजमध्ये ‘डेल्को’ म्हणतात. एका अमेरिकी कंपनीचे नाव मिस्त्रींच्या बोलीत त्या वस्तूचेच नाव होऊन बसले आहे. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर डेल्कोला मिनिटाला ४००० ठिणग्या वाटाव्या लागतात.

कॉइलमध्ये प्रत्येक ठिणगीपुरती थोडीच ऊर्जा साठते. प्लगच्या फटीतील दाबलेली हवा भेदण्याइतका दाब चढेपर्यंत ही ऊर्जा टिकली पाहिजे. शुद्ध पाणी विजेचे वाईट वाहक आहे. परंतु नाल्याच्या पाण्यात क्षार आणि गाळ असतो. असे पाणी वायरवर किंवा टोपीवर पसरले की विजेला फटीपेक्षा सोपी वाट मिळते. ऊर्जा झिरपून जाते, दाब चढत नाही आणि ठिणगी पडत नाही. प्रथम गाडी ‘मिस’ मारते, नंतर बंद पडते. टोपीच्या आतल्या बाजूने वीज वारंवार अशी सरपटली, तर तेथे कोळशाची बारीक काळी रेघ उमटते. मग टोपी कोरडी केली तरी दोष जात नाही. ती बदलावीच लागते.

पाणी आत कसे शिरते?

पाणी तीन मार्गांनी येते. पहिला मार्ग पंख्याचा. रेडिएटरमागचा पंखा पाण्याला टेकला की ते सर्व इंजिनावर उडवतो. म्हणून डेल्को बुडण्यापूर्वीच गाडी बंद पडू शकते. दुसरा मार्ग गाडीपुढे उठणाऱ्या लाटेचा. वेगाने पाण्यात घातलेली गाडी स्वतःच पाण्याची पातळी बॉनेटपर्यंत चढवते.

तिसरा मार्ग सहसा लक्षात येत नाही. चालून तापलेल्या डेल्कोच्या टोपीतील हवा गरम असते. गार पाण्याचा स्पर्श होताच ती आकसते. तापमान ८० अंशांवरून ३० अंशांवर आले, तर हवेचे आकारमान सुमारे एक सप्तमांशाने घटते. ती उणीव भरण्यासाठी बाहेरचे पाणी बारीकशा फटीतूनही आत ओढले जाते. पाणी आपणहून शिरले नाही तरी डेल्को ते ओढून घेतो. त्यामुळे वरून प्लास्टिकची पिशवी बांधण्याचा प्रचलित उपाय फसवा ठरतो. पिशवीत वाफ कोंडते, गरम सायलेन्सरच्या पाइपाजवळ प्लास्टिक वितळते आणि आत ओढण्याची क्रिया चालूच राहते.

संरक्षणाची पद्धत

हे काम पावसाळ्यापूर्वी, इंजिन थंड असताना आणि बॅटरीची वायर काढून करावे.

१) तपासणी : तडा गेलेली टोपी, झिजलेला रोटर आणि कडक झालेल्या वायरी बदलाव्यात. काम संपल्यावर अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू करावे आणि वायरींवर पाण्याचा अगदी हलका फवारा मारावा. निळसर ठिणग्या सरपटताना दिसल्या तर गळतीची जागा कळते. या वेळी वायरीला हात लावू नये.

२) वायरींची टोके : प्लग, टोपी आणि कॉइल या तिन्ही ठिकाणी घट्ट बसणाऱ्या रबरी टोप्या असाव्यात. त्यांच्या आत विद्युतरोधक सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्यावा. चाकांचे साधे ग्रीस वापरू नये. त्याने रबर फुगते आणि कुजते. कोणतेही ग्रीस पॉइंटच्या मुखांवर लागू देऊ नये. लागल्यास तेथील प्रवाहच अडतो.

३) टोपीचा सांधा : टोपी आणि डेल्कोचे भांडे यांच्यामध्ये रबरी कडे किंवा सिलिकॉन सीलंटची बारीक रेघ द्यावी. वायर आत जाण्याचे छिद्रही बंद करावे.

४) श्वासनळी : डेल्को पूर्णपणे कोंडू नये. ठिणगीमुळे टोपीतील हवेत ओझोन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. ओलावा मिळताच त्यांपासून आम्ल बनते आणि आतील धातू गंजतो. म्हणून टोपीतील हवेचे छिद्र बुजवण्याऐवजी त्याला बारीक नळी जोडून ती एअर क्लीनरच्या स्वच्छ बाजूला न्यावी. आकसणारी हवा मग पाण्याऐवजी कोरडी हवा ओढते. अमेरिकी सैन्याने १९५० मध्ये आणलेल्या एम-३८ या जीपमध्ये कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर एकाच बंद डब्यात ठेवून तो अशाच नळ्यांनी हवेशी जोडला होता. गॅरेजमधील उपाय त्याच तत्त्वाचे साधे रूप आहे.

५) कॉइल आणि कमी दाबाच्या वायरी : कॉइल शक्य तितकी वर, चालकापुढील पत्र्यावर बसवावी. तिची दोन लहान टोके आणि कंडेन्सरची वायर स्वच्छ करून, घट्ट आवळून वरून सीलंट लावावा.

६) पाण्यात उतरण्यापूर्वी : जाळीपुढे ताडपत्री बांधल्यास लाट थेट इंजिनावर येत नाही. जुन्या जीपचा फॅन बेल्ट काढल्यास पंखा थांबतो. परंतु त्याच बेल्टवर पाण्याचा पंप आणि डायनॅमोही चालतात, म्हणून तो काही मिनिटांपुरताच काढावा. लो गिअर लावून एकसारख्या मंद गतीने जावे आणि मध्येच क्लच दाबू नये.

डेल्को सुकवण्यासाठी पेट्रोल किंवा रॉकेल शिंपडण्याची सवय अत्यंत धोक्याची आहे. एका ठिणगीने सारे बॉनेट पेटू शकते. कोरडे फडके आणि हवा पुरेशी असते. इंजेक्शन प्रणालीच्या गाड्यांत याशिवाय नियंत्रक पेटी आणि सेन्सरचे सांधेही जपावे लागतात; तेथे अंदाजाने सीलंट न भरता माहीतगार मिस्त्रीकडून काम करवून घ्यावे.

ठिणगी टिकली, तरी पुढे काय?

विषयाचा खरा मर्मभाग येथे आहे. ठिणगी कोरडी ठेवल्याने गाडीची एक मर्यादा वर सरकते, परंतु तिच्या लगेच वर दुसरी मर्यादा उभी असते. एअर क्लीनरचे तोंड पाण्याखाली गेले तर सिलिंडरमध्ये हवेऐवजी पाणी जाते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणजे ओल्या डेल्कोमुळे जे इंजिन आधीच बंद पडले असते, ते उत्तम संरक्षित डेल्कोमुळे पाणी पिईपर्यंत चालत राहते. पाण्यात बंद पडलेल्या गाडीचा स्टार्टर पुन्हा मारू नये. गाडी बाहेर ओढावी, सर्व प्लग काढावेत आणि इंजिन फिरवून पाणी बाहेर काढावे. त्यानंतरच चालू करण्याचा विचार करावा.

तिसरी मर्यादा वजनाची आहे. जिप्सीचे वजन सुमारे एक टन. तिच्या पायाखालच्या पत्र्याचे क्षेत्र ठोकळमानाने तीन चौरस मीटर धरले, तर पत्र्याच्या वर चढणारे प्रत्येक १० सेंटिमीटर पाणी गाडीला सुमारे ३०० किलोने हलके करते. पाणी आत भरेपर्यंत, २० सेंटिमीटरला निम्म्याहून अधिक वजन नाहीसे होते. चाके फिरतात, परंतु त्यांची पकड राहत नाही. वाहत्या पाण्याचा धक्का वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर धक्का चौपट होतो. चारही चाकांची ओढ येथे निरुपयोगी ठरते.

याचा पुरावा दूर शोधावा लागत नाही. १२ जुलै २०२२ रोजी सौंसरच्या शेजारच्या सावनेर तालुक्यात, केळवद परिसरातील नांदा गोमुख येथे पाण्याखाली गेलेल्या पुलावरून जाणारी स्कॉर्पिओ वाहून गेली आणि प्राणहानी झाली. २८ सप्टेंबर २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यात एस. टी. बस वाहून गेली. बस डिझेलची होती आणि स्कॉर्पिओही प्रामुख्याने डिझेलवरच चालणारी गाडी आहे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. तेथे प्रश्न डेल्कोचा नव्हता. प्रश्न पाण्याच्या जोराचा होता.

पाण्यातून आल्यानंतर

डेल्को उघडून पुसावा. ब्रेक हलके दाबत काही अंतर जाऊन ते सुकवावेत. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांतही गरम हवा आकसून पाणी ओढले जाते. त्यांचे तेल दुधाळ दिसल्यास ते त्वरित बदलावे.

निष्कर्ष

प्रज्वलन व्यवस्थेचे संरक्षण हे थोड्या खर्चाचे आणि साध्या गॅरेजमध्ये होणारे काम आहे. सिलिकॉन ग्रीस, रबरी टोप्या, सीलंट आणि एक बारीक नळी एवढ्यावर ते भागते. तळ दिसतो आहे, पाणी संथ आहे आणि पायी चालून खोली पाहिली आहे अशा उतारात गाडी बंद पडू नये, एवढाच त्याचा हेतू होय. गढूळ पाणी रपट्यावरून धावत असेल, कडेचे दगड दिसेनासे झाले असतील किंवा पाणी चढत असेल, तर पायीही उतरू नये. डेल्को कितीही कोरडा असो, गाडी अलीकडच्या काठावरच थांबवावी. या भागातील नाले जसे लवकर चढतात, तसे पाऊस थांबल्यावर लवकर उतरतातही.