पोल चांगला, मग साखर गेली कुठे?



मागे एका हंगामात फेब्रुवारीच्या शेवटी आमच्या ऊस विकास विभागाच्या दारात एक सभासद काका येऊन उभे राहिले. हातात प्रयोगशाळेतून उतरवून आणलेले आकडे आणि चेहऱ्यावर राग. "काऊन जी साहेब, रसाचा पोल तर बरा दाखवून राहिला तुमचा कागद. मग उतारा खाली काऊन? मधातली साखर कोण खाल्लं?" शेवटचे वाक्य जरा मोठ्यानेच होते, बाहेर चहा पीत बसलेल्या ट्रॅक्टरवाल्यांना ऐकू जाईल असे.

काकांचा प्रश्न सोळा आणे खरा होता. त्या दिवशी आम्ही "रसायनशास्त्रज्ञ साहेबांना विचारून सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. कृषी पदविकेत आम्हाला बेणे, खत, पाणी, कीड हे सगळे शिकवले, पण रसात तरंगणारी आणि डोळ्यांना न दिसणारी वस्तू कशी मोजायची, ते काही शिकवले नव्हते. पुढे प्रयोगशाळेत बसून जे शिकलो, ते आज सांगतो.

आधी पोल म्हणजे काय ते पाहू. साखरेच्या पाण्यातून एका विशिष्ट प्रकारे गाळलेला प्रकाश सोडला, की त्याची दिशा थोडी उजवीकडे वळते. ही गोष्ट १८१५ साली बियो नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाला दिसली. साखर जितकी जास्त, तितके वळण जास्त. २६ ग्रॅम शुद्ध साखर पाण्यात विरघळवून बरोबर १०० मिलिलिटर केली आणि ठरलेल्या लांबीच्या नळीत भरली, की साखर कारखान्याचा पोलॅरीमीटर १०० दाखवतो. सगळ्या जगाचे साखरेचे व्यवहार याच वळणावर चालतात. यंत्र खोटे बोलत नाही, पण बिचाऱ्याला एकच गोष्ट कळते: प्रकाश किती वळला. कोणी वळवला, हे त्याला कळत नाही. घोटाळा होतो तो इथेच.

ऊस तोडून बांधावर पडला, की त्याच्या कापलेल्या टोकांवर, सोललेल्या जागी, चिखल लागलेल्या पेरांवर जिवाणू बसतात. त्यांतला एक आहे ल्युकोनॉस्टॉक. नाव अवघड आहे, पण काम सोपे आहे. तो साखरेचा कण मधोमध तोडतो. साखरेच्या एका रेणूत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाऊ एकत्र नांदत असतात. हा जिवाणू फ्रुक्टोजला बाजूला सारतो आणि ग्लुकोजला ग्लुकोज जोडत जातो. हजारो, लाखो मणी एका दोरीत ओवावेत तशी माळ तयार होते. अशा माळेला पॉलिमर म्हणतात आणि या माळेचे नाव डेक्स्ट्रान.

पॉलिमर म्हटले की ठिबकची नळी नाहीतर प्लास्टिकची पिशवी डोळ्यांसमोर येते. पण आपल्या जिल्ह्याचे सगळे पोट पॉलिमरवरच चालते. धानातला स्टार्च हीसुद्धा ग्लुकोजचीच माळ आहे. आपल्या जंगलात पळसावर आणि कुसुमावर येणारी लाख हीही तशीच निसर्गाने विणलेली वस्तू. स्टार्च आणि डेक्स्ट्रान यांचे मणी एकच, फक्त गाठ मारायची पद्धत वेगळी. म्हणून भाताच्या पेजेत आयोडीनचा थेंब टाकला तर निळा रंग येतो, डेक्स्ट्रानमध्ये येत नाही. गाठ बदलली की गुण बदलला.

आता काकांच्या प्रश्नाचा हिशेब मांडू. एक किलो डेक्स्ट्रान तयार व्हायला सुमारे २.१ किलो साखर खर्ची पडते. ती साखर गेली, परत येणार नाही. डेक्स्ट्रान मात्र प्रकाशाला साखरेच्या तिप्पट वळवतो. साखरेचा वळणाचा आकडा ६६.५, तर डेक्स्ट्रानचा १९९च्या आसपास. म्हणजे एक किलो डेक्स्ट्रान रसात असला की यंत्राला तो तीन किलो साखरेसारखा दिसतो. सुटा झालेला फ्रुक्टोज प्रकाशाला उलट, डावीकडे ओढतो, त्यामुळे यातली थोडी वजाबाकी होते. तरी शेवटी सुमारे दीड किलो साखर कागदावर उरते, जी रसात नाहीच! शिवाय हा जिवाणू फ्रुक्टोजचाही काही भाग दुसऱ्याच पदार्थात बदलून टाकतो. तसे झाले की वजाबाकी आणखी कमी आणि भ्रम आणखी मोठा. काका विचारत होते ती "मधातली साखर" ही. ती कोणी खाल्ली असेल तर जिवाणूने, आणि तीही गव्हाणीत पडण्याआधी.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. डेक्स्ट्रान चिकट असतो. रस गाळायला वेळ लागतो, पॅनमध्ये पाक उकळताना जड होतो, साखरेचा दाणा चौकोनी वाढण्याऐवजी लांबट, सुईसारखा होतो. असा दाणा सेंट्रिफ्युगलमध्ये नीट धुतला जात नाही आणि चांगली साखरही मळीबरोबर निघून जाते.

जुन्या माणसांना हे ठाऊक नव्हते असे समजू नका. आपल्या भागात कोहळी समाजाने तलाव बांधले आणि त्या पाण्यावर ऊस केला. नवेगावबांधचा तलाव हे त्यांच्याच हातचे काम. धानाच्या मुलखात ऊस आणि गूळ टिकला तो या लोकांमुळे. गुऱ्हाळावरचा जाणता माणूस शिळ्या उसाचा रस दोन बोटांत धरून बघायचा. बोटे वेगळी करताना बुळबुळीत तार सुटली, की म्हणायचा, हा गूळ धरणार नाही. पॉलिमरची माळ जितकी लांब, तितका द्रव दाट. आजच्या प्रयोगशाळेत काचेच्या बारीक नळीतून द्रव वाहायला किती सेकंद लागतात हे मोजून माळेची लांबी काढतात. तत्त्व तेच, बोटांच्या जागी घड्याळ आले एवढेच.

कारखान्याच्या प्रयोगशाळेत डेक्स्ट्रान पकडायची जी पद्धत आम्ही पाहिली, ती गढूळपणाची. आधी रसातला स्टार्च एन्झाइम घालून तोडून टाकतात, नाहीतर तोही हिशेबात घुसतो. मग आम्लाने प्रथिने खाली बसवून रस गाळतात. उरलेल्या स्वच्छ रसात तेवढेच अल्कोहोल ओतायचे. ताज्या उसाचा रस तसाच निर्मळ राहतो. शिळ्या उसाचा रस डोळ्यांदेखत दुधाळ होतो, कारण अल्कोहोलमध्ये डेक्स्ट्रानला विरघळून राहता येत नाही आणि त्याचे बारीक कण सुटे होऊन तरंगू लागतात. तो धूसरपणा यंत्रावर मोजला, की डेक्स्ट्रान किती ते कळते.

धूसरपणा मोजणे म्हणजे तरी काय? डिसेंबरच्या पहाटे तलावाच्या पाळीवरून ऊस भरलेला ट्रॅक्टर येतो, तेव्हा धुक्यात त्याच्या दिव्याचा झोत दुरून दिसतो. कोरड्या हवेत तो झोत बाजूने दिसत नाही. धुक्याचे कण प्रकाश इकडेतिकडे उधळतात म्हणून दिसतो. प्रकाशाच्या या उधळण्याचा अभ्यास करूनच सर सी. व्ही. रामन १९३० साली नोबेलपर्यंत पोहोचले. हेच रामन १९१० साली आपल्या नागपुरात सरकारी हिशेब खात्याच्या नोकरीवर होते, हे किती जणांना माहीत असेल!

या उधळणीतून आणखी पुढची गोष्ट कळते. पाण्यातला बारीक कण कधी स्वस्थ बसत नाही. पाण्याचे रेणू त्याला सारखे धक्के देतात. लहान कण चपळ, मोठा कण आळशी. लेसरचा झोत सोडून उधळलेल्या प्रकाशाची लुकलुक किती जलद होते हे यंत्र टिपते आणि त्यावरून कणाचे माप सांगते. हे माप नॅनोमीटरमध्ये असते. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर.

दुसरी युक्ती आम्हाला फार आवडली. माळा लहान किती, मोठ्या किती, हे वेगळे करायला बारीक छिद्रांच्या मण्यांनी भरलेल्या नळीतून द्रव सोडतात. आपल्याला वाटेल लहान आधी बाहेर येतील. उलटे होते! कचारगडच्या जत्रेत पाहा, मोठी माणसे सरळ रस्त्याने पुढे निघून जातात आणि पोरे प्रत्येक दुकानात शिरत शिरत मागाहून येतात. तसेच लहान माळा प्रत्येक छिद्रात शिरतात आणि उशिरा बाहेर येतात. गंमत म्हणजे, या कामासाठी १९५९ साली स्वीडनमध्ये जे नामांकित मणी बाजारात आले, ते डेक्स्ट्रानचेच केलेले होते.

कारण स्वीडनमध्येही रडगाणे हेच होते. १९४०च्या दशकात तिथल्या साखर कंपनीच्या बीटच्या रसात हा चिकट पदार्थ सापडला आणि तो तपासायला उप्सालाच्या विद्यापीठात गेला. तिथे स्वेडबर्ग यांनी बनवलेले अतिवेगाने फिरणारे यंत्र होते. आपल्या सेंट्रिफ्युगलचाच भाऊ, पण कितीतरी पट वेगवान. जड रेणू लवकर तळाशी जातात, हलके मागे राहतात, त्यावरून वजन कळते. तपासता तपासता त्यांच्या लक्षात आले की ठरावीक लांबीला तोडलेला डेक्स्ट्रान रक्तस्राव झालेल्या माणसाच्या शिरेत सोडता येईल. दवाखान्यात डेक्स्ट्रान ४० आणि डेक्स्ट्रान ७० अशा बाटल्या आल्या त्या यातूनच. तो ४० म्हणजे रेणूचे वजन सरासरी ४० हजार. फार लहान माळ लघवीवाटे निघून जाते, फार मोठी अपाय करते. तिथे मोजमाप चुकले तर माणसाच्या जिवाशी गाठ. आमच्या गव्हाणीतली घाण कुठे जाऊन औषध झाली पाहा! मात्र आपल्या उसात ती होऊ द्यावी असा याचा अर्थ कोणी काढू नये.

नॅनोमीटरचा विषय निघालाच आहे तर नॅनो युरियाबद्दल दोन शब्द, कारण गावोगावच्या बैठकीत सभासद हेच विचारतात. केंद्र सरकारने २०२१ साली खत नियंत्रण आदेशाखाली त्याला मान्यता दिली. बाटलीतल्या कणांचे माप वर सांगितलेल्या लेसरच्या पद्धतीने आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काढतात. कणांवरचा विद्युतभारही मोजतात, कारण भार पुरेसा असला की कण एकमेकांना ढकलत राहतात आणि तळाशी साका बसत नाही. हे सारे ठीक. पण कण लहान आहे हे सिद्ध झाले म्हणजे पीक जास्त येते हे सिद्ध झाले असे नव्हे. त्या वेळी मान्यता मिळालेल्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत ४ टक्के नत्र होते, म्हणजे सुमारे २० ग्रॅम. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे २० किलोहून जास्त. पानातून घेतलेले नत्र जास्त उपयोगी पडते असे कंपनीचे म्हणणे आहे. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने मात्र आपल्या चाचण्यांत युरियाची मात्रा कमी करून नॅनो युरिया फवारला, तेव्हा भात आणि गहू दोन्हींचे उत्पन्न घटल्याचे सांगितले. आमचे मत विचाराल तर एका बांधीत करून पाहा, शेजारची बांधी नेहमीसारखी ठेवा आणि दोन्हींचे धान वेगवेगळे मोजा. सगळ्या शेतातला युरिया एकदम बंद करू नका.

आता परत काकांकडे. त्यांचा ऊस शिळा का झाला, हे सांगितल्याशिवाय लेख संपवणे बरे नाही. त्या आठवड्यात गिरणीत बिघाड झाला होता. आम्ही मात्र दोन टोळ्यांना तोडीच्या चिठ्ठ्या आधीच देऊन बसलो होतो. वेळेवर थांबवले असते तर ऊस उभा राहिला असता. उभा ऊस चार दिवस थांबतो, तोडलेला थांबत नाही. काकांचा ऊस चौथ्या दिवशी काट्यावर आला. उन्हाने वजन गेले, ते त्यांच्या एकट्याच्या खिशातून गेले. उतारा गेला, तो सगळ्यांच्या. २०२५-२६च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरली होती आणि त्यावर दर ०.१ टक्क्याला ३.४६ रुपयांचा फरक. टनाला जवळजवळ ३५ रुपये. दोष सभासदावर ढकलायला सोपा असतो, पण त्या वेळी तो आमचा होता.

दोन दिवसांनी आम्ही काकांना प्रयोगशाळेत घेऊन गेलो. त्याच सकाळी तोडलेल्या उसाचा रस आणि चार दिवस यार्डात पडलेल्या उसाचा रस, दोन्ही काचनळ्यांत एकाच वेळी अल्कोहोल ओतले. एक तशीच राहिली, दुसरी दुधाळ झाली. काकांनी दोन्ही नळ्या खिडकीजवळ नेऊन उजेडात धरल्या, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे माझं वजन गेलं, अन् हे बी गेलं." आमच्याकडे त्यावर उत्तर नव्हते.

त्यानंतर आम्ही तोडीच्या चिठ्ठीवर तारखेच्या खाली तोडीची वेळ लिहायचा एक रकाना वाढवला. तोडल्यापासून २४ तासांत ऊस गव्हाणीत, हे धोरण. जळीत ऊस आला तर रांग मोडून आधी, कारण त्याची साल फुटलेली असते आणि जिवाणूला वाट मोकळी सापडते. टोळीच्या मुकादमाने वेळ लिहिली नसेल तर सभासदांनी ती स्वतः लिहावी आणि चिठ्ठीची दुसरी प्रत आपल्याजवळ ठेवावी. गिरणी बंद पडली तर निरोप त्याच दिवशी गटात पोहोचवणे हे आमच्या विभागाचे काम. तो आला नाही तर सरळ येऊन विचारा, काकांनी विचारले तसे, मोठ्या आवाजात विचारले तरी चालेल.