कॅमेऱ्यातील विलंबाचा हिशेब

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत छायाचित्रणावर पोट भरणारी तरुण मंडळी बरीच आहेत. लग्ने, मुंजी, गणपतीचे आगमन आणि विसर्जन, गिरगावची पाडव्याची शोभायात्रा, दादरची आयडियलची हंडी, ही त्यांची सुगी होय. गेली काही वर्षे या मंडळींत एक वाद चालू आहे. आरशाचा जुना डीएसएलआर कॅमेरा ठेवावा, की कर्ज काढून बिनआरशाचा, म्हणजे मिररलेस घ्यावा? एक पक्ष म्हणतो, नव्या कॅमेऱ्यात दिसते तेच मुळी उशिरा. दुसरा म्हणतो, जुन्यात बटण दाबल्यावर फोटो उशिरा निघतो. दोन्ही पक्षांचे म्हणणे खरे आहे. मात्र प्रत्येक जण हिशेबाची एकच बाजू मांडतो.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. छायाचित्रणाचे शिक्षण आम्ही कोणत्याही शाळेत घेतलेले नाही. जे कळले ते वाचून आणि विचारून. परंतु जे यंत्र घेण्यासाठी माणूस दोन-तीन वर्षांचे हप्ते डोक्यावर घेतो, ते आतून कसे चालते हे पाहिल्याखेरीज त्याला सल्ला देऊ नये, ही सवय आम्हाला चळवळीनेच लावली.

प्रथम मापाविषयी. येथे सगळा व्यवहार मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत चालतो. आपल्यापैकी ज्यांच्या घरात गिरणी होती त्यांना एक उदाहरण पुरेल. जुन्या मागावर धोटा मिनिटाला साधारण 180 वेळा इकडून तिकडे जाई. म्हणजे एका फेकीला सुमारे 330 मिलिसेकंद. आपण ज्या विलंबाविषयी बोलणार आहोत तो या एका फेकीचा कुठे सहावा, कुठे दहावा भाग आहे.

आता आरशाचा कॅमेरा घ्या. भिंगातून आलेला प्रकाश तिरक्या आरशावर आपटून वर जातो, काचेच्या लोलकातून वळतो आणि डोळ्याला पोचतो. येथे मध्ये कसलेही यंत्र नाही, त्यामुळे विलंबही नाही. पण बटण दाबले की आरशाला वाटेतून उठावे लागते. तो वर जाऊन स्थिरावला की मगच शटरचा पडदा उघडतो. पत्रकारांच्या भारी डीएसएलआरमध्ये यास साधारण 40 ते 55 मिलिसेकंद लागतात. स्वस्तात 80 ते 100 सुद्धा. शिवाय आरसा वर असेपर्यंत डोळ्यापुढे अंधार. ज्या क्षणाचा फोटो निघतो, नेमका तोच क्षण छायाचित्रकाराला दिसत नाही, ही गंमत आमच्या फार उशिरा ध्यानात आली! पूर्वी तर अशा बहुतेक कॅमेऱ्यांत पुढची फिल्म ओढेपर्यंत आरसा वरच राही. फोटो निघताच खाली येणारा आरसा 1954 साली जपानच्या असाहीफ्लेक्स कॅमेऱ्यात आला आणि ती अडचण गेली. आरसा हलूच नये म्हणून कॅननने अर्धपारदर्शक, स्थिर आरसाही बसवून पाहिला. 1989 च्या त्यांच्या आरटी कॅमेऱ्यात विलंब 8 मिलिसेकंदांवर आला होता. पण त्या आरशात प्रकाशाचा काही भाग कायमचा खर्च होई, आणि ती रीत रुळली नाही.

बिनआरशाच्या कॅमेऱ्यात प्रकाश थेट सेन्सरवर पडतो. सेन्सर चित्र वाचतो, आतला संगणक ते सजवतो आणि डोळ्याशी असलेल्या चिमुकल्या पडद्यावर दाखवतो. या तिन्ही कामांना वेळ लागतो, म्हणून पडद्यावर दिसते ते नुकतेच होऊन गेलेले असते. पडदा सेकंदाला 60 वेळा बदलत असेल तर एका चित्रालाच जवळपास 17 मिलिसेकंद जातात. 120 वेळा बदलत असेल तर 8. ऑलिंपसने 2013 च्या ई-एम1 साठी हा विलंब 29 मिलिसेकंद सांगितला होता, तर फुजीने 2014 च्या एक्स-टी1 साठी 5. अर्थात कंपनीचा आकडा हा भरपूर उजेडात, सर्व काही अनुकूल असताना घेतलेला असतो. रात्री मंडपाच्या मागल्या काळोखात तोच पडदा रेंगाळू लागतो, कारण प्रत्येक चित्रासाठी सेन्सरला अधिक वेळ प्रकाश गोळा करावा लागतो.

मात्र बटण दाबल्यावर या कॅमेऱ्यात उठायला आरसा नाही. तरी एक मेख आहे. सेन्सर चित्र दाखवीत असल्याने शटर उघडेच असते. पूर्ण यांत्रिक शटर वापरले तर त्याला आधी मिटावे लागते, मग पुन्हा उघडावे लागते. पहिल्या पडद्याचे काम विजेवर सोपवले की हा फेरा वाचतो. सोनीने 2011 च्या नेक्स-7 साठी असा विलंब 20 मिलिसेकंद सांगितला होता.

आता बेरीज करू या. आरशाच्या चांगल्या कॅमेऱ्यात पाहण्याचा विलंब शून्य, बटणाचा 40 ते 55. बिनआरशाच्यात पाहण्याचा 10 ते 30, बटणाचा 20 ते 30. एकूण 30 ते 60. म्हणजे विलंब नाहीसा झाला नाही, बोटानंतरचा काही भाग डोळ्याआधी गेला. जो केवळ या कारणासाठी आपला चालता डीएसएलआर विकतो तो ज्या मिलिसेकंदांचे हप्ते भरणार आहे, ते त्याला फोटोत सापडणार नाहीत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कारण तिसरा विलंब या दोहोंहून मोठा आहे, आणि तो माणसाचा. काही दिसले आणि बोट हलले, यांत साधारण 200 मिलिसेकंद जातात. धावण्याच्या मोठ्या शर्यतींत पिस्तुलाच्या आवाजानंतर 100 मिलिसेकंदांच्या आत जो हलतो त्याची चूक धरतात, कारण इतक्या लवकर ऐकून कोणी हलू शकत नाही, असे मानले जाते. शिवाजी पार्कवर ताशी 120 किलोमीटर वेगाने आलेला चेंडू 50 मिलिसेकंदांत सुमारे 1.7 मीटर जातो. पण 200 मिलिसेकंदांत 6.7 मीटर, म्हणजे खेळपट्टीचा एक तृतीयांश. तेव्हा फटका पाहून बटण दाबणाऱ्याला कोणताही कॅमेरा तारणार नाही. लालबागला श्रॉफ बिल्डिंगपाशी पुष्पवृष्टी होते तेव्हा अनुभवी छायाचित्रकाराचे लक्ष मूर्तीइतकेच फुले टाकणाऱ्यांकडे असते. तो फुलांची वाट पाहत नाही, हातांची वाट पाहतो.

पुष्कळ जण ज्याला शटरचा विलंब म्हणतात तो तर फोकसचा असतो. बटण एकदम तळापर्यंत दाबले की कॅमेरा आधी नेम धरतो, मग फोटो काढतो. आधी अर्धे दाबून ठेवावे, हा उपाय फुकट आहे.

ज्याला खात्री करायची असेल त्याने घरीच पाहावे. मोबाईलवर शंभरावा भाग दाखवणारे घड्याळ चालू करून कॅमेरा त्यावर रोखावा. दुसऱ्या मोबाईलने ते घड्याळ आणि कॅमेऱ्याचा मागला पडदा यांचा एकत्र फोटो घ्यावा. दोन आकड्यांतील फरक म्हणजे त्या पडद्याचा विलंब. बटणासाठी, घड्याळ बरोबर 5 सेकंदांवर येताना फोटो घ्यावा, असे वीस वेळा करून सरासरी काढावी आणि मग तोच प्रयोग त्याच हाताने दुसऱ्या कॅमेऱ्यावर करावा. पुष्कळ मोबाईलचा पडदाच सेकंदाला 60 वेळा बदलतो, म्हणून दहा-पंधरा मिलिसेकंदांचा फरक निघाला तर तो मोजण्यातला समजावा. बोरा बाजारात उसना कॅमेरा हाती आला तर तेथेही हे करता येईल.

मग नव्या कॅमेऱ्यात काहीच नाही का? आहे, आणि ते मोठे आहे. सोनीच्या ए9 ने 2017 साली सलग फोटो घेतानाही डोळ्यापुढचा अंधार घालवला. शोभायात्रेत बुलेटवरून येणाऱ्या नऊवारीतल्या भगिनींना चौकटीत धरून ठेवण्यास याचा खरा उपयोग. (त्याआधीचे बरेच मिररलेस अशा वेळी मागचाच फोटो दाखवीत राहात, तो ताप आरशाच्या अंधारापेक्षा वाईट.) दुसरे म्हणजे, ऑलिंपसच्या 2016 च्या ई-एम1 मार्क 2 पासून एक सोय पसरली आहे: बटण अर्धे दाबलेले असताना कॅमेरा आतल्या आत फोटो घेत राहतो आणि पुरे दाबताच आधीचे काही फोटोही जपून ठेवतो. हंडी फुटल्यावर बोट हलले तरी फुटण्याचा क्षण हाती लागतो. माणसाच्या 200 मिलिसेकंदांवर हा पहिला उपाय आहे. विजेच्या शटरने सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे मंडपातल्या दिव्यांचे पट्टे फोटोत उमटतात, हे मात्र लक्षात ठेवावे. सोनीच्या 2023 च्या ए9 मार्क 3 मध्ये सारा सेन्सर एकदम वाचला जातो आणि हा दोष उरत नाही, पण त्याची किंमत या मंडळींच्या आवाक्यातली नाही.

निकॉन आणि कॅनन यांनी 2020 नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही. जुने कॅमेरे झिजतील तसतसे सर्वांना इकडे यावे लागेल, हे आम्हालाही दिसते. त्या वेळी जो प्रश्न पुढे येईल तो आज काही जणांना भेडसावू लागला आहे. पूर्वी एका विसर्जनाचे जेवढे फोटो निघत त्याच्या कितीतरी पट आता निघतात. बोटाचे श्रम वाचले, पण निवडण्याचे काम रात्रीवर पडले. सकाळी गिरगाव चौपाटीवरून परतलेला मुलगा दुसऱ्या रात्रीपर्यंत संगणकापुढे बसून हजारो फोटो चाळतो, आणि मोबदला ठरतो तो फक्त चौपाटीवरच्या तासांचा. काम देणारा वर म्हणतो की, कॅमेराच सगळे करतो! म्हणून आमच्याकडे येणाऱ्यांना आम्ही सांगतो की कामाचा कागद करताना त्यात दोन ओळी वेगळ्या घालाव्यात: जागेवरचे तास किती, आणि निवडीचे तास किती, आणि दुसऱ्या ओळीपुढेही दर लिहावा.